लक्ष्मीकांत बाबूंची ऑनलाइन मानवसेवा

लक्ष्मीकांत बाबूंनी माणसांची सेवा कशी करावी हे शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं आणि तालुक्याच्या कचेरीत त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं माणसं त्यांच्या खिडकीसमोर रांगेत उभीच होती. पण त्यांची सेवा करता येते, आणि ती शिकवायला विद्यापीठ असतं, हे बाबूंना माझ्या दुकानात एक परिपत्रक वाचताना कळलं.

माझं नाव बशीर. कचेरीच्या फाटकासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, आधार, शाळेचे फॉर्म, फोटो, लॅमिनेशन, सगळं. कचेरीत ज्याचं काम होत नाही तो माझ्याकडे येतो, आणि माझ्याकडून कागद काढून पुन्हा कचेरीत जातो. मी आणि बाबू मिळून माणसाला असं फिरवत असतो, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

परिपत्रकात लिहिलं होतं की शेतकरी कुटुंबांना मानसिक आधार देण्यासाठी तालुक्यात ‘आधार कक्ष’ लवकरच उघडेल. समन्वयक कर्मचाऱ्यांमधूनच घेतील. पदवी पाहिजे, मानवसेवेची असेल तर आधी विचार होईल. त्याला स्वतंत्र खोली मिळेल. बाबू या शेवटच्या ओळीवर थांबले. एकोणतीस वर्षं ते मुतारीच्या भिंतीला पाठ लावून बसत होते. दार असलेली खोली म्हणजे काय, हे त्यांना विचारावं.

“बशीर, तीन वर्षं लागतात पदवीला. तोवर जागा भरून टाकतील रे,” ते म्हणाले.

“बाबू, सरकारचं ‘लवकरच’ तीन वर्षांच्या आत येत नसतं. तुम्ही भरा फॉर्म.”

बाबू बारावीनंतर वडिलांच्या जागी लागलेले. तिकडे दिल्लीच्या बाजूला कुठलंसं विद्यापीठ होतं, त्याचा मानवसेवेचा तीन वर्षांचा कोर्स मी त्यांना शोधून दिला. सगळं घरबसल्या. फक्त बाबूंच्या घरी नेटवर्क नव्हतं, म्हणून घरबसल्या शिकायला ते माझ्या दुकानात येऊन बसायचे. त्यांच्या बायकोला, शैलजावहिनींना, ही बातमी मीच दिली. त्या म्हणाल्या, “घरात प्यालेला पेला उचलत नाहीत, आणि मानवाची सेवा करायला निघालेत. आधी मानव दाखवा म्हणावं त्यांना, ओळखतात का बघू.”

रोज चार वाजता पडद्यावर एक तरुण प्राध्यापक यायचा. तो आला की बाबू खुर्चीतून अर्धवट उठायचे. सव्वीस वर्षांचा तो पोरगा, त्याला बाबू दिसतही नव्हते, पण साहेब आला की उठायचं हे अंगात मुरलेलं. पहिल्या वर्षी प्रश्न आला, समानुभूती म्हणजे काय? उत्तर मातृभाषेत चालणार होतं. बाबूंनी लिहून आणलं आणि मी टाइप केलं : ‘विषय : समानुभूतीबाबत. संदर्भ : आपला दिनांक अमुकचा ईमेल. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, समानुभूती ही दुसऱ्याच्या दुःखाशी संबंधित बाब असून ती तात्काळ दाखवणे आवश्यक आहे.’ प्राध्यापकाने शंभरपैकी बासष्ट दिले. भाषेत ‘शिस्त’ आहे म्हणाला.

तर असं हे चाललं. मधे माझ्या दुकानात माणसं यायची, विम्याचे फॉर्म हातात घेऊन उभी राहायची, आणि बाबू कानाला हेडफोन लावून ‘संकटग्रस्त व्यक्तीशी संवाद’ या विषयावरचं व्याख्यान ऐकत त्यांना हातानेच खुणावायचे, नंतर या. एका म्हाताऱ्याने मला विचारलंही, “बाबूले कानाचा आजार झाला काय बे?” मी हो म्हणून टाकलं. फार खोटं बोललो नाही.

शेवटच्या सहामाहीत प्रत्यक्ष काम होतं. एक संकटात असलेलं कुटुंब निवडायचं, चार वेळा भेटायचं, ऐकायचं, आणि अहवाल लिहायचा. कुटुंब शेतकऱ्याचं असेल तर दहा गुण जास्त. बाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, “बशीर, असं कुटुंब आणायचं कुठून?” तालुक्यात उभं राहून दगड मारला तर लागेल एवढी असली घरं, आणि हे मला विचारतात कुठून आणायचं!

नाव मीच सुचवलं. झुंबरबाई. गावापासून सात किलोमीटरवरच्या वस्तीतली. दर जूनला ती माझ्याकडे येऊन सासऱ्याच्या नावचा सातबारा काढून घ्यायची, आणि विचारायची, यंदा तरी त्याच्यावर आमच्या ह्यांचं नाव चढलं का? मी नाही म्हणायचो. ती कागद घडी घालून पिशवीत ठेवायची. पुढच्या जूनला पुन्हा हजर.

तिचा नवरा अर्जुनराव. बाप गेला तरी जमीन बापाच्याच नावावर राहिलेली, आपल्याकडे राहते तशी. चार एकरांतली दोन मोठा भाऊ गुलाबराव करायचा, दोन अर्जुनराव. अठरा वर्षं तो ती दोन एकर कसत होता. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बियाण्याच्या पिशवीवर लिहिलं होतं की या वाणाला अळी लागत नाही. अळीला वाचता येत नसावं. बोंडं वरून धडधाकट आणि फोडली की आत किडा, अशी ती दोन एकर पाहून अर्जुनरावाने फवारणीसाठी आणलेलं औषध स्वतःच घेतलं. ते मात्र बाटलीवर लिहिल्याप्रमाणे काम करून गेलं.

चौकशी झाली, आणि झुंबरबाईला कचेरीचा कागद आला. ‘मयताचे नावे सातबारा नाही. सबब मयत हा शेतकरी नसून शेतमजूर होता. प्रकरण अपात्र.’ मदत मिळाली नाही, हे तिने सोसलं. पण गुलाबरावाने तो कागद गावात वाचून दाखवला. सरकारच म्हणतंय, माझा भाऊ मजूर होता, माझ्या शेतावरचा मजूर. मजुराच्या बायकोचा शेतात हिस्सा कसला? तंटामुक्तीच्या बैठकीत पंच म्हणाले, बाई, तुझं खरं असंल, पण त्याच्याजवळ शिक्क्याचा कागद हाय, तुझ्याजवळ काय हाय? तेव्हापासून चार वर्षं ती आपल्याच दोन एकरांत दुसऱ्याची मजूर म्हणून तण निंदायला जात होती. तिला पैसे नको होते. तिला त्या शेतात स्वतः पेरायचं होतं. कागदावर शेतकरी हा शब्द पाहिजे होता, बाकी काही नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. बाबूंना नव्हतं. त्यांच्या टेबलावरून असे किती कागद गेले, ते कधी तोंड पाहून गेलेच नव्हते. क्रमांक पाहून गेले होते.

बाबूंना मोटरसायकल येत नाही, म्हणून दर बुधवारी मी त्यांना मागे बसवून न्यायचो. कचेरीच्या हालचाल रजिस्टरात ते ‘दौरा’ लिहायचे, कारण दुसरं काय लिहायचं त्यांना सुचलं नाही. पहिल्या दिवशी झुंबरबाईने बाज टाकली आणि स्वतः जमिनीवर बसली. बाबूंच्या पुस्तकात नियम होता की ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या पातळीवर बसावं. बाबू बाजेवरून उतरून जमिनीवर बसले. पाहुणा खाली बसला म्हणून ती घाबरून उभी राहिली. मग बाबूही उभे राहिले. पहिली वीस मिनिटं मानवसेवा उभ्यानेच झाली.

दुसरा नियम, समोरचा जे बोलेल ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे त्याला ऐकल्यासारखं वाटतं.

“माही शेळी मेली गेल्या महिन्यात,” झुंबरबाई म्हणाली.

“म्हणजे तुम्ही असं सांगताय की तुमची शेळी मेली.”

“हाव. मेली.”

“शेळी मेल्यामुळे तुम्हाला वाईट वाटतंय.”

झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “बशीरभाऊ, याहिले कमी ऐकू येते काय?” आणि त्यानंतर ती मोठ्याने बोलायला लागली. अर्ध्या वस्तीने तिची कहाणी त्या दिवशी ऐकली.

पण तिसऱ्या बुधवारी तिने अर्जुनरावाबद्दल सांगितलं. त्या दिवशी तो सकाळी शेतातून आला, हातात दहा-बारा बोंडं होती, एकेक फोडून तिला दाखवत बसला, आणि म्हणाला, पाह्य, यात माहं काय चुकलं? ती सांगत होती आणि रडत होती. बाबूंनी काहीच परत म्हटलं नाही. नियम विसरले बहुतेक. परत येताना मोटरसायकलवर मागून नाक ओढल्याचा आवाज येत होता. मला वाटलं धुळीने येतोय. थांबून पाहिलं तर बाबू उपरण्याने डोळे पुसत होते. सांगतो, त्या दिवशी तो माणूस मला आवडला होता.

एक गोष्ट मात्र मी पोटात ठेवली. झुंबरबाई बाबूंना कचेरीच्या खिडकीवरून ओळखत होती. दर बुधवारी ते वही घेऊन येतात, विचारतात, लिहून घेतात, अंगठा घेतात, हे पाहून तिची समजूत झाली की कचेरीने तिचं प्रकरण पुन्हा उघडलं आहे. चौथ्या बुधवारी तिने मला विचारलं, “आता तरी शेतकरी लिहिन ना हे?” मी म्हणालो, “पाहू.” बाबूंचा अभ्यास बुडू नये म्हणून मी मूग गिळून बसलो. ती चूक माझी आहे, बाबूंची नाही.

अहवाल बारा पानांचा झाला. त्यात बाबूंनी दहा जास्तीच्या गुणांवर डोळा ठेवून लिहिलं, ‘मयत शेतकरी अर्जुनराव हे आपल्या हिश्श्याची दोन एकर वडिलोपार्जित जमीन अठरा वर्षे स्वतः कसत होते, असे प्रत्यक्ष भेटीअंती आढळून आले.’ मी टाइप केलं, प्रिंट काढली. पुढचा टप्पा सोपा होता, कागद स्कॅन करून विद्यापीठाला पाठवायचा. पण बाबू बारा पानं हातात घेऊन बेचैन झाले.

“काय झालं?”

“अरे, नुसताच कागद दिसतोय हा. उघडाबोडका.”

ते अहवाल घेऊन कचेरीत गेले. तासाभराने परत आले तेव्हा चेहरा निवांत होता. पहिल्या पानावर जावक क्रमांक पडला होता, दिनांक होता, शेवटी त्यांची सही, सहीखाली कचेरीचा गोल शिक्का, आणि त्याखाली : ‘प्रत : श्रीमती झुंबरबाई यांना माहितीसाठी.’ बत्तीस वर्षं ज्याने एकही कागद क्रमांकाशिवाय बाहेर जाऊ दिला नाही, त्याच्या हाताला दुसरं येणार काय? मी हसलो, स्कॅन केलं, पाठवून दिलं. प्रत त्यांनी इमानदारीने टपालात टाकली.

विद्यापीठाने ‘अ’ श्रेणी दिली. बाबूंनी कचेरीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात आधार कक्षाच्या मुलाखतीची तारीखही लागली, म्हणजे सरकारचं ‘लवकरच’ आणि बाबूंची पदवी बरोबर एका वेळी पिकली.

चार दिवसांनी झुंबरबाई लिफाफा घेऊन माझ्या दुकानात आली. “वाचून दाखव, बशीरभाऊ.” मी वाचायला लागलो, आणि ‘मयत शेतकरी’पाशी आलो तेव्हा तिने माझा हात धरला. “पुन्हा वाच.” मी तीनदा वाचलं. तिने शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, “हा खरा हाय ना?” शिक्का खराच होता. मी हो म्हणालो. ती कागद छातीशी धरून निघून गेली. जूनचा पहिला आठवडा होता, पेरणीची घाई सुरू व्हायची होती.

तिने तो कागद पंचांना दाखवला. पंचांनी गुलाबरावाला दाखवला. गुलाबराव दुसऱ्या दिवशी तो घेऊन कचेरीत, आणि थेट मोठ्या साहेबांपुढे. काल मजूर म्हणता, आज शेतकरी म्हणता, ही कचेरी आहे का तमाशा? साहेबांनी बाबूंना बोलावलं. साहेबांनी काय विचारलं ते मला माहीत नाही, पण बाबू फाटकातून माझ्या दुकानापर्यंत पळत आले, आणि पन्नाशीतला क्लार्क पळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

“टाइप कर,” ते म्हणाले. “खुलासा. सदर मजकूर हा केवळ शैक्षणिक सरावासाठी तयार करण्यात आला असून त्यातील तपशील वस्तुस्थितीदर्शक समजण्यात येऊ नये.”

“बाबू, तिनं पंचांना दाखवला तो कागद.”

“म्हणूनच टाइप कर. माझी नोकरी जाईल बशीर. शिक्क्याचा गैरवापर म्हणतात त्याला. अन मुलाखत परवा आहे.”

मी टाइप केलं. काय करणार, माझं दुकान त्यांच्या फाटकासमोर. खुलाशालाही जावक क्रमांक पडला, आणि खाली पुन्हा तेच, प्रत झुंबरबाई यांना माहितीसाठी. हात थांबत नाही त्यांचा.

तो लिफाफाही ती माझ्याकडेच घेऊन आली. मी वाचून दाखवलं. ‘शैक्षणिक सराव’ म्हणजे काय, तिने विचारलं. मी सांगितलं की बाबू शिकत होते, शिकण्यासाठी त्यांनी ते लिहून पाहिलं. तिने कागद घडी घालून लिफाफ्यात ठेवला.

“मंग मी रडली तो काय होता? तो बी सरावच होता काय?”

मला लाज वाटली. मी शटर अर्धं ओढलं आणि तिच्यासोबत कचेरीत गेलो. तोपर्यंत दुपार झाली होती. बाबू खिडकीत होते. रांगेत पाच-सहा माणसं होती, त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. तिने पिशवीतून तीन कागद काढून खिडकीच्या फळीवर ओळीने मांडले. पहिला चार वर्षांपूर्वीचा, अपात्रचा. दुसरा अहवाल. तिसरा खुलासा.

“मले वाचता येत नाई, साहेब,” ती म्हणाली. “पन हे पाहा. हे सहीची शेपटी. तिन्हीवर सारखीच हाये. वर जाते अन मंग असा आकडा घेते. माह्या मानसाले मजूर लिहिनारा हात अन शेतकरी लिहिनारा हात एकच हाये. काऊन केलं असं?”

बाबूंनी तिन्ही कागद पाहिले. पहिल्या कागदावरची सही पाहताना त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. तोवर त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या पंधरवड्यात त्यांनी असे सोळा कागद लिहिले होते, नंतर त्यांनीच मला सांगितलं. सातबारा नाही, सबब मजूर, सबब अपात्र. सोळाही एकाच साच्याचे.

आणि मग त्या माणसाने काय करावं? तीन वर्षं शिकलेलं एकच वाक्य तोंडातून बाहेर आलं. डोळ्यात डोळे घालून, आवाज खाली आणून, पडद्यावरचा पोरगा शिकवायचा अगदी तसं ते म्हणाले, “झुंबरबाई, तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो.”

“समजू नोका,” ती म्हणाली. “लिहा.”

आत कोणी पाहतंय का म्हणून बाबूंनी मान वळवली. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. मग त्यांनी खुलाशाचा कागद आपल्याकडे ओढला आणि त्याच्या समासात, कचेरीच्या ठरीव भाषेत, लिहिलं, ‘हा खुलासा मी रद्द करीत आहे. दिनांक अमुकच्या अहवालातील मजकूर माझ्या प्रत्यक्ष भेटीअंती खरा आढळला आहे. मूळ नोंद भेट न देता केली होती.’ सही केली. शेपटी वर गेली आणि आकडा घेऊन खाली आली. शिक्का मारला, क्रमांक टाकला, प्रत तिला दिली.

तिने आभार मानले नाहीत. का मानावेत? तिचं होतं तेच तिला दिलं, तेही चार वर्षांनी. कागद घडी घालून ती निघून गेली, कारण तिच्या शेताच्या तंट्यावर पंच त्याच दिवशी चार वाजता बसणार होते. ‘भेट न देता’ हे शब्द पंचांनी वाचले तेव्हा गुलाबरावाने आपला मजुराचा कागद परत खिशात घातला म्हणतात. आठवड्याभरात तिने ती दोन एकर पेरली. बियाणं पुन्हा तेच, अळी न लागणारं. दुसरं दुकानात होतंच कुठे?

बाबूंना कारणे दाखवा नोटीस निघाली. जावक टेबल त्यांचंच, त्यामुळे स्वतःच्या नोटिशीला क्रमांकही त्यांनीच टाकला, व्यवस्थित, खाडाखोड न करता. आधार कक्षाची खोली साहेबांच्या मर्जीतल्या एका माणसाला मिळाली, ज्याची पदवी मत्स्यशास्त्राची आहे. बाबू अजून मुतारीच्या भिंतीला पाठ लावून बसतात. पण हल्ली ‘सबब’ लिहिण्याआधी मान वर करून समोरचं तोंड पाहतात, आणि त्यामुळे रांग पहिल्यापेक्षा हळू सरकते, अशी लोकांची तक्रार आहे.

पदवीचं प्रमाणपत्र यायच्या आधी विद्यापीठाने एक शेवटचा फॉर्म पाठवला. ज्या कुटुंबाची सेवा केली त्याने सेवकाला पाचपैकी तारे द्यायचे. मी झुंबरबाईला शेतावर जाऊन विचारलं. ती खुरपत होती. फॉर्म काय असतो ते समजावून सांगितलं. तिने मातीचा हात लुगड्याला पुसला आणि विचार केला.

“पहिलेचा कागद बी त्याचाच ना, भाऊ?”

“हो.”

“एका कागदानं पुसलं, एका कागदानं लिहिलं. मंग झालं काय? जिथं होती तिथंच हाये मी, फक्त चार वर्सं गेले. सुन्य लिहा.”

दुकानात येऊन मी फॉर्म उघडला. त्यात शून्याची सोय नव्हती, एकाच्या खाली जाताच येत नव्हतं. मी एक तारा दाबला आणि पाठवून दिला.